मखमलरावांची उजवी बाही

अख्खी गल्ली माझ्या नवऱ्याला मास्तर म्हणते, म्हणून मीही मास्तरच म्हणते. शाळेतले नव्हेत, शिंपी मास्तर. बेचाळीस वर्षं हा माणूस एकाच दुकानात, एकाच मशीनवर, एकाच खुर्चीत बसून काम करतोय. खुर्चीची गादी तीनदा बदलली. मास्तर तेच आहेत, फक्त थोडे चपटे झालेत.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. पुढे काउंटर, तिथे मी. गिऱ्हाइकांशी बोलणं आणि काज-बटण माझ्याकडे. मागे मास्तरांचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि खिडकीपाशी मुंडकं नसलेला पुतळा. आमची पोरगी लहानपणी त्याला काका म्हणायची, त्यामुळे तो आजही काकाच आहे. नवीन कपडे हल्ली कोण शिवून घेतंय? लोक तयार घेतात आणि मग आमच्याकडे येतात. हे आत घ्या, ते सोडा, लांबी कमी करा. माणसं जाड होतात, बारीक होतात, त्यावर आमचं बरं चाललंय.

मास्तरांना जगात दोनच वेडं. एक सुई आणि दुसरा तो मखमल.

मखमल म्हणजे गायक. खरं नाव काहीतरी वेगळंच आहे, पण आवाजामुळे लोक त्याला मखमल म्हणायला लागले आणि मी मखमलराव. तो गातो त्या परदेशी ढंगाच्या गाण्याला सोल म्हणतात. मला विचाराल तर त्या गाण्यात एका माणसाची बायको त्याला सोडून गेलेली असते, तो तिला बेंबीच्या देठापासून 'परत ये' म्हणत असतो, मागे तीन बाया 'हो हो, खरंय' म्हणून त्याची री ओढत असतात आणि त्यांच्या मागे पितळी भोंगे वाजत असतात. मी एकदा म्हटलं, "एवढं ओरडण्यापेक्षा तिच्या घरी जाऊन माफी माग म्हणावं त्याला." मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'दार उघडं ठेव'. शेवटी एक सूर असा वर जातो की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि त्या सुराबरोबर मखमलराव उजवा हात सरळ आभाळाकडे फेकतो. त्याच पोजमधलं पोस्टर आमच्या कापडाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. मास्तर कातरी चालवताना हेच गाणं गुणगुणतात आणि तो वरचा सूर दर वेळी फोडतात. बेचाळीस वर्षांत एकदाही लागलेला नाही. माणूस चिकाटीचा आहे, एवढंच मी म्हणेन.

प्रत्यक्ष ऐकायचा योग एकदाच आला होता. दोन तिकिटं काढली, मास्तरांनी स्वतःला नवा शर्ट शिवला, आणि त्याच दुपारी आमची पोरगी तीन आठवडे आधी जगात यायला निघाली. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मास्तर नव्या शर्टात दवाखान्याच्या बाकावर बसले होते. लेक झाली, आनंद काय सांगावा, पण तिला पहिल्यांदा हातात घेतल्यावर ते म्हणाले, "आजचाच दिवस सापडला का गं तुला?" मी या कानांनी ऐकलंय.

ती पोरगी आता चाळिशीची आहे. ऑफिसात पंधरा माणसांना कामाला लावते आणि उरलेला जोर आमच्यावर काढते. गेल्या वर्षी मास्तरांनी शाळेच्या मुख्याध्यापकांची पँट शिवली, एक पाय दीड इंच आखूड. ते बिचारे अर्धा दिवस पोरं का हसताहेत ते शोधत राहिले. हे कळल्यावर पोरगी तडक दुकानात आली.

"बाबा, तुला दिसत नाही."

"दिसतं की. तू दिसतेस. रागावलेली दिसतेस."

"थट्टा नको. अजून एक चूक झाली ना, की मी स्वतः येऊन मशीनवर झाकण घालणार. मग कुरकूर करायची नाही. शब्द दे."

मास्तरांनी शब्द दिला. आता मास्तरांचा शब्द म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा. लग्नाआधी एकदा म्हणाले होते, तुझ्या हातचा चहा कधी नाकारणार नाही, तर ताप असताना, घसा बसलेला असतानासुद्धा पितात. त्यामुळे हा शब्दही ते पाळणार. दुकान नसलेले मास्तर मला डोळ्यांसमोर आणता येईनात. आणि डोळ्यांचं म्हणाल तर पोरगी खरंच बोलत होती. सुई ओवताना मास्तर हल्ली आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसायचे. दहा-दहा मिनिटं. मी म्हणायची, "द्या इकडे, मी ओवते." की अंगावर यायचे, "माझी सुई मी ओवीन!" माझ्या सुया वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या. त्यांच्या सुईला बेचाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

तर एक दिवस, सकाळी दहाच्या सुमाराला, एक हसरी मुलगी कोट घेऊन काउंटरवर आली. वांगी रंगाचा मखमली कोट. म्हणाली, "आजोबांचा आहे. खूप वाळलेत ते, खांदे लोंबतात. उद्या पाच वाजता कार्यक्रम आहे. करून द्याल का?"

कोट मी ओळखला. कपाटाच्या दारावर रोज बघते, ओळखणार नाही?

मागे वळले तर मास्तर खुर्चीतून उठलेले, कातरी हातात, तोंड उघडं. म्हटलं आता हे पडतात. पण नाही. पुढे आले, कोट हातात घेतला, अस्तर उलटून शिवण बघितली आणि म्हणाले, "कुणी शिवलाय? चांगला शिवलाय." समोर मखमलरावाचा कोट, पण आधी शिवण बघणार. असा हा माणूस.

आजोबांना कार्यक्रमाआधी दगदग झेपत नव्हती, म्हणून ते मापाला आले नाहीत. नातीनं त्यांना नीट बसणारा एक साधा कोट मापाला ठेवला आणि ती गेली. त्या दिवशी मास्तर जेवले की नाही आठवत नाही. दोन्ही बाह्या उसवून बाजूला काढल्या, खांदे आत घेतले, पाठ आत घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या परत बसवायला घेतल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाही बसवताना आधी हातानं कच्चा टाका घालतात. लांब लांब, सैल टाके. बाही नीट पडते का ते बघायचं, मग मशीनची पक्की टीप मारायची आणि कच्चा दोरा ओढून काढायचा. एरवी कच्चा दोरा पांढरा, लांबून दिसणारा. पण मखमलीवर तो खूण ठेवतो, म्हणून मास्तरांनी त्याच वांगी रंगाचा बारीक रेशमी दोरा घेतला. आणि विसर पडू नये म्हणून मास्तरांची एक पद्धत आहे. डाव्या मनगटावर टाचण्यांची छोटी गादी बांधलेली असते. एक कच्ची शिवण घातली की गादीत एक लाल टाचणी खोचायची. पक्की टीप झाली की लाल टाचणी डब्यात. गादीत लाल शिल्लक असेल तर माल दुकानाबाहेर जात नाही.

त्या दिवशी दोन बाह्या, दोन लाल टाचण्या. डावीला टीप मारून झाली, एक टाचणी डब्यात गेली. आणि तेवढ्यात मी, माझ्या जिभेला हाड नाही ते उगाच नाही, ओरडत आत गेले, "मास्तर! त्या नातीचा फोन आला! तीन पास ठेवलेत आपल्यासाठी, पहिल्या रांगेत!"

मास्तर काय हसले! मशीन सोडून उठले, पुतळ्याला म्हणाले, "ऐकलंस का काका?" पोरीला फोन लावला. कपाट उघडून पोस्टरकडे बघत उभे राहिले. मग परत बसले ते थेट अस्तर शिवायला. तीन वाजता नात येऊन कोट घेऊन गेली. आम्ही घाईघाईनं तयार झालो. मास्तरांनी चांगला कोट अंगात घातला आणि निघालो.

कार्यक्रम पाचचा का, तर मखमलराव नऊला झोपतात. आजूबाजूला सगळी आमच्याच वयाची माणसं. कुणाची काठी, कुणाचा गुडघा. माझ्या डाव्या बाजूला पोरगी, उजव्या बाजूला मास्तर, आणि ते लहान मुलासारखे खुर्चीच्या कडेवर. दिवे मंद व्हायला लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी हात वर केले आणि त्यांच्या कोटाची बाही मागे सरकली. मनगटावर टाचण्यांची गादी तशीच.

"अहो, हे काय? गादी घालून आलात?" मी हसायला लागले.

ते हसले नाहीत. गादीकडे बघत होते. मीही बघितलं. काळ्या, पांढऱ्या टाचण्यांच्या मध्ये एक लाल.

"उजवी," मास्तर म्हणाले. तोंडचं पाणी पळालं होतं. "उजवी बाही कच्चीच राहिली."

"आई, काय झालं?" पोरीनं विचारलं.

"काही नाही गं, बाबांना खुर्ची टोचतेय."

मास्तर उठले, स्टेजच्या बाजूच्या दाराकडे जवळजवळ धावले. तिथला रखवालदार ऐकेना. "आत गेलो नाही तर त्यांची बाही निघेल," असं कुणी सांगितलं तर तुम्ही तरी सोडाल का? भोंगे सुरू झाले, मास्तर परत येऊन बसले, आणि मखमलराव स्टेजवर आला.

केवढासा दिसला! पोस्टरवरचा तो आडदांड माणूस आणि हा पिकल्या केसांचा, हळूहळू पावलं टाकणारा म्हातारा. पण कोट काय बसला होता! अंगावर ओतल्यासारखा. आणि त्यानं तोंड उघडलं मात्र, माझ्यासारख्या बाईच्याही अंगावर काटा आला. आवाजाला चरे पडले होते, पण त्या चऱ्यांतून जे येत होतं ते थेट काळजाला हात घालत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो बायकोला नुसता 'परत ये' म्हणत नाही. ती येणार नाही हे त्याला माहीत आहे, आणि तरी म्हणतोय.

आणि मास्तर? चाळीस वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते समोर चाललंय आणि हा माणूस एका शिवणीकडे बघतोय. मखमलरावाने हात जरा हलवला की मास्तर दचकायचे. त्याने माइक उजव्या हातात घेतला की यांनी माझं मनगट आवळलंच. "अहो, गाणं ऐका," मी कुजबुजले. "बाही बघतोय," ते म्हणाले. मला असा राग आला! त्यांचा नाही, माझाच. पासांची बातमी घेऊन नाचत आत गेले ती मीच ना.

तासाभराने 'दार उघडं ठेव' सुरू झालं. लोक उभे राहिले. मास्तर बसूनच, डोळे गच्च मिटून. गाणं चढत चढत शेवटाला आलं. वरच्या सुराची जागा आली, आणि मखमलरावाने डाव्या हाताने माइक आमच्याकडे धरला. तो सूर त्याने लावलाच नाही. लोकांनी लावला, सगळ्या सभागृहानं. आणि त्याचा उजवा हात सरळ वर गेला.

टर्रकन आवाज झाला. बाही खांद्यापासून सुटून कोपरापर्यंत घसरली, आतलं पांढरं अस्तर बाहेर आलं. भोंगे थांबले, मागच्या तिघी थांबल्या. सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत आमचे मास्तर उभे राहिले.

"चूक माझी आहे!" मोठ्यानं म्हणाले. "त्यांची नाही, कोटाची नाही. मी शिंपी. कच्चा टाका राहिला."

पोरीनं कपाळाला हात लावला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मखमलराव हळूहळू स्टेजच्या कडेला आला. "माप तर झकास घेतलंत हो," तो म्हणाला. "वीस वर्षांत कोट असा बसला नव्हता. मग टाका का राहिला?"

मास्तरांनी एकदा पोरीकडे पाहिलं. "मला दिसला नाही," ते म्हणाले. "हल्ली दिसत नाही."

घरात कधी कबूल केलं नव्हतं ते हजार माणसांसमोर बोलले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

म्हातारा हसला. चेष्टेचं नव्हे, ओळखीचं. "मला वरचा सूर लागत नाही," तो म्हणाला. "आत्ता बघितलंत ना? तीन वर्षं झाली. म्हणून तेवढा सूर लोकांना देतो. बाकीचं गाणं मात्र मी कुणाला देत नाही." मग अस्तराचे उरलेले टाके हिसडा मारून तोडले, बाही अंगातून ओढून काढली आणि मास्तरांकडे फेकली. "ही ठेवा तुमच्याकडे. कोट सकाळी पाठवतो. आता उभेच आहात तर तो सूर तुम्ही लावा."

आणि एका बाहीच्या कोटात त्याने गाणं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मास्तरांनी ऐकलं. बाही छातीशी धरून, डोळे उघडे ठेवून, एकेक शब्द ऐकला. वरची जागा आली तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनीही सूर लावला आणि नेहमीसारखा फोडला. मखमलराव एवढा हसला की त्याला पुढची ओळ गाता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात कोट घेऊन आली. आमची पोरगीही आली, हातात मशीनचं झाकण. नवीन, घडी न मोडलेलं. तिचा चेहरा काही आनंदी नव्हता, पण बापाचीच लेक ती, शब्द म्हणजे शब्द.

"हा कोट होऊ दे," मास्तर म्हणाले. "मग घाल."

खुर्चीत बसले. मला वाटलं, आता खिडकीकडे तोंड करतील. नाही केलं. आमच्याकडेच तोंड करून बसले. दोरा ओठात ओला केला, सुई धरली. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. पोरगी बघत होती, नात बघत होती, मीही. मग त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला.

"ओवून दे गं जरा."

मी ओवली. पहिल्या फटक्यात ओवली. त्यांनी कच्चा टाका घातला, गादीत लाल टाचणी खोचली, मशीनवर टीप मारली, आणि टाचणी डब्यात टाकण्याआधी मनगट पोरीपुढे केलं. "तू बघ. पक्की झाली असेल तर तूच काढ."

पोरीनं बाही उलटी केली. नखानं शिवण चाचपली, दोन्ही हातांनी ताणून बघितली. नाक ओढलं. मग टाचणी काढून डब्यात टाकली, झाकणाची घडी मोडली आणि ते पुतळ्याच्या अंगावर घातलं.

"काकाला थंडी वाजत असेल," ती म्हणाली, आणि तडक ऑफिसला गेली.

ते झाकण अजून काकाच्याच अंगावर आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की मी दहा सुया ओवते आणि मास्तरांच्या मनगटावरच्या गादीत ओळीनं खोचून देते. संध्याकाळी ऑफिसातून जाता जाता पोरगी लाल टाचण्या बघून जाते. मधला सगळा वेळ मास्तर शिवतात आणि गुणगुणतात. आणि वरच्या सुराची जागा आली की हल्ली थांबतात, मान वर करतात, काउंटरकडे बघतात. माझा आवाज कसा आहे ते गल्लीला विचारा. पण तो सूर मी लावते.